मोखाच्या बाजारात विकलेलं पोरगं जालन्याच्या रानात मुघलांना भिडलं होतं, त्या मलिक अंबरची गोष्ट

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, बायका साडीत आहेत, पुरुष साधूच्या वेशात आहेत, मुलांना घराबाहेर सोडू नका. खाली कुठलातरी धूसर फोटो आणि पुढे पाठवा अशी विनंती. जालना, परतूर, भोकरदन, अंबड, कुठलाही ग्रुप उघडा, हा मेसेज कधी ना कधी सापडतोच.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी याच मेसेजच्या जोरावर जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. पोटासाठी गावोगाव फिरत होते. त्यांनी एकही मूल पळवलं नव्हतं.

मग मुलं पळवलीच जात नाहीत का? जातात. विकलीही जातात. पण ते होतं कसं आणि करतं कोण, याचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते बरंचसं चुकीचं आहे. हे समजून घ्यायला एक चांगली गोष्ट आपल्याच मातीत आहे. ज्याने मराठवाड्यावर वीसेक वर्षं हुकूमत गाजवली, ज्याच्या नावाने जहांगीर बादशहा दात-ओठ खायचा, तो माणूस मुळात मानवी तस्करीतून इथे आलेलं एक पोरगं होता.

त्याचं नाव मलिक अंबर. पण हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं.

साल साधारण 1548. आफ्रिकेतल्या इथिओपियात एक मुलगा जन्मला, नाव चापू. त्या काळी तिथे सतत लढाया चालायच्या, दुष्काळ पडायचे, आणि किनाऱ्याकडून येणारे व्यापारी माणसं विकत घ्यायचे. चापू त्यांच्या हाती कसा लागला याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे लढाईत किंवा धाडीत त्याला पकडून नेलं. दुसरी म्हणजे पोट भरेना म्हणून आईबापांनीच त्याला विकलं.

आपल्याला पहिली गोष्ट पटकन पटते. घोड्यावरून आलेले धाडखोर, रडणारं पोर, मागे धावणारी आई. दुसरी गिळायला जड जाते. पण इतिहासात दुसऱ्या तऱ्हेच्या गोष्टी काही कमी नाहीत. दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या कथा ज्यांनी आजीकडून ऐकल्यात त्यांना हे सांगायला नको. पोटच्या पोराला विकणारा बाप राक्षसच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला कोणीतरी समजावलेलं असतं की तिकडे पोराला दोन वेळचं खायला मिळेल.

चापूला तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधल्या मोखा बंदरात नेलं. आज हे नाव आपण कॉफीच्या मेनूकार्डावर वाचतो. तेव्हा तिथे माणसांचा बाजार भरायचा. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी पुढे 1617 मध्ये दख्खनमध्ये मलिक अंबरला प्रत्यक्ष भेटला. त्याने लिहून ठेवलंय की मोखाच्या बाजारात हा मुलगा वीस डुकाटला विकला गेला होता. डुकाट म्हणजे त्या काळचं युरोपातलं सोन्याचं नाणं.

तिथून तो बगदादला गेला. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. हा माणूस त्यातल्या त्यात बरा निघाला. पोरगं हुशार आहे हे त्याने ओळखलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभार शिकवला. त्याला मुसलमान केलं आणि नाव दिलं अंबर. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारा एक महागडा सुगंधी पदार्थ, अत्तरात वापरतात तो.

या नावापाशी जरा थांबूया. गुलामांना अशी नावं देण्याची रीतच होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, संदल म्हणजे चंदन. अलाउद्दीन खिलजीचा सरदार मलिक काफूर, जो देवगिरीवर चालून आला, तोही असाच विकत घेतलेला. त्याला हजार दिनारी म्हणायचे, म्हणजे किंमतच नावाला चिकटलेली. माणसाला मौल्यवान वस्तूचं नाव द्यायचं, कारण तो वस्तूच. आणि जुनं नाव गेलं की त्या नावाने हाक मारणारी माणसंही मागे पडतात.

आजच्या तस्करीतही पोलिसांना हेच दिसतं. मूल दुसऱ्या राज्यात पोचलं की त्याचं नाव बदलतं, वय वाढवलेलं आधार कार्ड बनतं, फोन काढून घेतला जातो. पोर सापडलं तरी ते स्वतःचं नाव सांगायला घाबरतं.

तर 1570 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता चंगेज खान. मंगोलांच्या चंगेज खानाशी याचा काही संबंध नाही. हा स्वतः हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला आणि एकेकाळी गुलाम राहिलेला. त्याच्याकडे असे हजारभर हबशी गुलाम होते. त्यांत अंबरची भर पडली.

इथे प्रश्न पडतो की दख्खनच्या सुलतानांना इतक्या लांबून पोरं विकत आणायची गरज काय होती? इथे माणसं कमी होती का?

माणसं भरपूर होती, पण प्रत्येकाचं इथे कोणीतरी होतं. देशमुखाला त्याचं वतन, मराठा सरदाराला त्याची भाऊबंदकी, इराणहून आलेल्या अमिराला त्याचा गट. हबशी पोराला इथे काका नाही, मामा नाही, गाव नाही. जो विकत घेतो तोच त्याचा बाप आणि तोच मालक. ज्याला जायला दुसरं घरच नाही तो एकनिष्ठ राहणार, असा साधा हिशेब. म्हणून मोठी माणसं नकोत, पोरं हवीत. आणि या पोरांच्या बदल्यात काय जायचं? हिंदुस्थानातलं सुती कापड. त्याला इथिओपियात मोठी मागणी होती. चौलसारख्या बंदरांतून कापड बाहेर पडायचं, आणि त्याच जलमार्गांनी माणसं आत यायची.

1574-75 च्या सुमारास चंगेज खान मेला, विषप्रयोग झाला म्हणतात. त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. तेव्हा तो पंचविशीच्या आसपासचा होता. मोकळा झाला, पण घरी कसा जाणार? इथिओपिया समुद्रापलीकडे, आणि तिथून निघून किती वर्षं झालेली. तो इथेच राहिला. लग्न केलं. पुढची वीस वर्षं भाड्याचा शिपाई म्हणून काढली, बराच काळ विजापूरकरांकडे. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. मग 1595 च्या सुमारास दीडशे स्वार घेऊन तो परत निजामशाहीत आला. वय पंचेचाळीसच्या पुढे. आजच्या भाषेत निवृत्तीचं नियोजन करायचं वय, आणि या गड्याची खरी कारकीर्द आत्ता कुठे सुरू होत होती.

1600 मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. सगळ्यांना वाटलं निजामशाही संपली. पण मुलूख मुघलांच्या हाती आला नव्हता. अंबरने घराण्यातला एक तरुण वारस शोधून काढला, त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं आणि स्वतःची मुलगी त्याला दिली. राजू दखनी नावाचा दुसरा तगडा सरदार आडवा होता, त्यालाही काही वर्षांत बाजूला केलं. दीडशेचे हजारो स्वार झाले. पुढे अहमदनगरचा किल्लाही त्याने मुघलांकडून परत घेतला. विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने त्या सुमारास जो अंदाज नोंदवला त्यात त्याच्याकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैनिक होते.

मात्र भूतकाळ त्याचा पिच्छा सोडत नव्हता. व्हान डेन ब्रुकने एक किस्सा लिहिलाय. मुर्तझाच्या इराणी बेगमने भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, आणि अंबरबद्दलही वाईट बोलली. मुलीने बापाला कळवलं. अंबरने सुलतान आणि ती बेगम दोघांनाही विष देऊन संपवलं आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवलं. मोखाच्या बाजाराला तेव्हा चार दशकं उलटून गेली होती. माणूस राज्याचा मालक झाला होता, तरी एक शब्द त्याला इतका लागला.

1610 च्या सुमारास त्याने दौलताबादजवळच्या खडकी गावाचं शहर केलं. तेच पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच, शेकडो वर्षं त्या पाण्यावर शहर जगलं. जमीन मोजून, तिची प्रत पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत तर महाराष्ट्रात इतकी मुरली की महसुलाच्या इतिहासात त्याचं नाव टाळताच येत नाही. (जालना जिल्ह्यातल्या अंबडचा आणि अंबरचा संबंध बरेच जण जोडतात. तो नाही. अंबड हे नाव अंबरीष राजावरून पडलं असं सांगतात.)

जालना जिल्ह्याशी त्याचा खरा संबंध आहे तो रोषणगावमुळे. बदनापूर तालुक्यातलं हे गाव. आज तिथून जाताना कपाशी आणि सोयाबीन दिसेल, पण फेब्रुवारी 1616 मध्ये इथे दख्खनमधली एक मोठी लढाई झाली. अंबरचे काही मराठा आणि हबशी सरदार फुटून बाळापूरला मुघल सरदार शाहनवाज खानाला जाऊन मिळाले होते. हा शाहनवाज म्हणजे दोहेवाल्या रहीमचा, अब्दुर रहीम खानखानानचा मुलगा. फुटलेल्यांना घेऊन तो खडकीकडे निघाला. अंबर विजापूर आणि गोवळकोंड्याची कुमक घेऊन सामोरा आला. मध्ये ओढा होता, काठाला दलदल. अंबरने तिथे तिरंदाज उभे केले, तोफा आणि बाण डागले. पण दिवस कलताना शाहनवाजचा भाऊ दाराब खान घोडदळ घेऊन ओढा पार करून थेट मध्यावर घुसला. फळी फुटली. अंधार पडला म्हणून अंबर वाचला.

मुघल तसेच पुढे खडकीत गेले आणि त्यांनी शहर जाळलं.

जहांगीराने याच सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. गंमत अशी की प्रत्यक्षात अंबर कधी जहांगीराच्या हाती लागलाच नाही. जे रणांगणावर जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं.

1617 मध्ये शहजादा खुर्रम, पुढचा शाहजहान, आला आणि अंबरला अहमदनगरचा किल्ला सोडावा लागला. तीनच वर्षांत तो पुन्हा उठला आणि बुऱ्हाणपूरपर्यंत मुघलांना रेटत गेला. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तलावाचं पाणी सोडून मुघल आणि विजापूरच्या एकत्र फौजेची छावणी चिखलात घातली आणि नंतर तिचा धुव्वा उडवला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात अंबरचं वर्णन आदराने येतं ते याच प्रसंगात. त्याचा गनिमी कावा पुढच्या पिढीत कुठे पोचला हे वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी अशा लेखांत सहसा गाळली जाते. गुलामांचा व्यापार अंबरने बंद केला नाही. त्याच्या फौजेतले बरेच हबशी त्याच वाटेने आले होते ज्या वाटेने तो स्वतः आला. आणि ज्या हजार पोरांसोबत तो चंगेज खानाकडे होता, त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? गुलाम ते वजीर ही गोष्ट वाचायला झकास वाटते, पण ती हजारात एकाची आहे. उरलेले लढाईत मेले, तबेल्यात राबले, कोणाच्या तरी वाड्यात म्हातारे झाले. म्हणून पोराला विकलं तरी नशीब काढेल, हा अर्थ या चरित्रातून कोणी काढू नये.

आता 2018 च्या राईनपाड्याकडे परत येऊ.

गावात अनोळखी भिक्षेकरी दिसला की आपण सावध होतो. पण तस्करीत मूल घेऊन जाणारा माणूस अनेकदा ओळखीचा असतो. लांबचा नातेवाईक, गावातलाच दलाल, शहरात कामाला असलेली एखादी बाई, इन्स्टाग्रामवर महिनाभर गोड बोलणारा पोरगा. तो झडप घालून नेत नाही. तो चहा पिऊन, आईबापांच्या देखत नेतो. पोराला हॉटेलात काम लावतो, पोरीला घरकाम मिळवून देतो, चांगलं स्थळ आहे, लग्नाचा खर्च मुलाकडचेच करतील, वर काही पैसेही देतील. मोखाला पोचलेल्या पोराच्या आईबापांना त्या काळच्या दलालाने याहून वेगळं काय सांगितलं असेल?

जालना जिल्ह्यात हे जास्त जपायला हवं. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. लेकरं एकतर फडावर कोपीत राहतात, नाहीतर गावात आजीकडे. शाळा सुटलेली आणि मायबाप दोनशे किलोमीटरवर. वयात आलेल्या मुलीची काळजी नको म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी लग्न उरकलं जातं, आणि लांबच्या राज्यातलं, कोणी न पाहिलेलं सासर असेल तर ते लग्न आहे की विक्री हे कळायलाही उशीर होतो. अशा मुलांसाठी शिक्षण खात्याची हंगामी वसतिगृहं असतात. शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे निघण्याआधी चौकशी केली तर मूल गावातच राहून शिकू शकतं.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. राज्यघटनेचं कलम 23 माणसांच्या खरेदी-विक्रीवर आणि वेठबिगारीवर बंदी घालतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली एका मुलाच्या तस्करीला किमान 10 वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एकापेक्षा जास्त मुलं असतील तर किमान 14 वर्षं. पोर स्वतःच्या खुशीने गेलं होतं, हा बचाव तिथे चालत नाही.

मूल हरवलं तर 24 तास थांबा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. असा नियमच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर करता येतो, हद्द आपली नाही हे कारण चालत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो, त्यामुळे तोपर्यंत ठाण्यात हेलपाटे मारावे लागले तरी मारा, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते ती मागून घ्या. अलीकडचा एक स्पष्ट फोटो, उंची, अंगावरच्या खुणा, मूल वापरत असलेला मोबाईल नंबर आणि सोशल मीडियाची खाती, एवढं सोबत न्यायचं. 1098 हा बालकांसाठीचा हेल्पलाइन नंबर दिवसरात्र चालू असतो, पोलिसांसाठी 112, रेल्वेत काही संशयास्पद दिसलं तर 139.

आणि घरातल्या घरात करायची एक गोष्ट. लहान मुलाला आईबापांचं पूर्ण नाव, गावाचं आणि तालुक्याचं नाव आणि एक मोबाईल नंबर पाठ करून घ्या. मोबाईलमध्ये सेव्ह आहे म्हणून आजकाल मोठ्यांनाही नंबर पाठ नसतात. पोरगं कुठे दूर गेलंच, तर तिथल्या पोलिसाला किंवा दुकानदाराला सांगायला त्याच्याकडे एवढंच असतं.

तो मेसेज पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारा. संशयित माणूस दिसला तर 112 ला कळवा, हात उचलू नका.

मलिक अंबर मे 1626 मध्ये वारला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. जहांगीराने आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या, पण तो गेल्यावर मुघल दरबारातल्याच मुतमद खानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने तारीफ लिहून ठेवली. त्याचा मुलगा फतेह खान याला बापाचं राज्य सांभाळता आलं नाही, 1633 मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती गेलं.

अंबरची कबर खुलताबादला आहे. वेरूळची लेणी बघायला जालन्याहून गाड्या भरून लोक जातात, तिथून हे ठिकाण अगदी जवळ आहे. घुमटाची साधीच इमारत, शेजारी त्याची बायको बीबी करीमा हिची कबर. बाहेर त्याच्या नावाची पाटी आहे. पाटीवरचं नाव बगदादच्या व्यापाऱ्याने दिलेलं आहे.